कालिनाचा निरोप

आईची उलटी थांबवणारी गोळी आमच्या वस्तीतल्या औषधवाल्याकडे संपली होती, म्हणून मी रुळांपलीकडच्या वस्तीत गेलो, आणि तिथे एका इमारतीच्या दारावर मला कालिना मेलेली दिसली. म्हणजे कागद दिसला. आमच्याकडे माणूस गेलं की त्याचा फोटो छापून कागद दाराला लावतात, झाडाला लावतात, बसथांब्याला लावतात. चाळीसाव्या दिवशी नवा कागद, सहा महिन्यांनी नवा, वर्षाने पुन्हा नवा. जिवंतपणी जे घराबाहेर पडत नव्हते तेही मेल्यावर गावभर होतात. असले कागद वाचत उभं राहणाऱ्यांतला मी नाही. ते काम पेन्शनरांचं. चष्मा शोधायचा, वय वाचायचं, आपल्या वयातून वजा करायचं आणि जरा हलक्या पावलांनी घरी जायचं. पण या फोटोतल्या म्हातारीने दोन्ही कानांवर चेरीचे जोड अडकवले होते, लहान मुली अडकवतात तसे, आणि ती तोंड उघडून हसत होती, खालचे दोन दात नसलेलं तोंड. हा फोटो माझ्या मोबाईलमध्ये होता. आईने तो इतक्यांदा मागून पाहिला होता की त्याच्या कोपऱ्यातली फाटकी छत्रीसुद्धा मला पाठ होती. कागदावर छत्री कापून टाकली होती. खाली लिहिलं होतं, आमच्या लाडक्या कालिनाला जाऊन आज चाळीस दिवस झाले, आणि त्याखाली, कन्या व्हेसेलिना.

माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की ही दुसरी कुणीतरी असेल. माणूस किती मूर्ख असतो ते अशा वेळी कळतं. चेरी तीच, दात तेच, नाव तेच, तरी मी दुसरी कालिना शोधत होतो. कारण कालच संध्याकाळी व्हेसाने, तिच्या मुलीने, मला मोबाईलवर लिहिलं होतं, ‘आईने आज वाटीभर सूप घेतलं, वर नेदाला निरोप दिलाय की सुपात मीठ कमी टाक, आपल्या तोंडाला सगळं खारटच लागतं.’ नेदा म्हणजे माझी आई. तो निरोप मी आईला वाचून दाखवला होता आणि आई म्हणाली होती, “मला शिकवते! तिला म्हणावं, मी मीठ टाकायला लागले तेव्हा तू पाळण्यात होतीस.” कालिना तिच्याहून चार वर्षांनी मोठी, हे तिला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच म्हणाली. हे उत्तर मी टाईप करून पाठवलं होतं आणि व्हेसाने हसून डोळ्यांतून पाणी काढणारे तीन चेहरे पाठवले होते. कुणाला दाखवलं तिने ते उत्तर? भिंतीला?

दारात दोन बायका उभ्या होत्या. एकीच्या हातात कागदी पेल्यांचा ट्रे, पेल्यांत उकडलेला गहू, वर पिठीसाखर. चाळीसाव्याला तो जाणाऱ्या-येणाऱ्याला देतात आणि तो नाकारायचा नसतो. त्या बाईने माझ्यापुढे ट्रे धरला. तीच व्हेसा असणार, हे मला ती बोलायच्या आधी कळलं. हसत नव्हती तरी तोंडाची ठेवण फोटोतल्या आईचीच होती. माझ्या मनातली व्हेसा जाडजूड, मोठ्या आवाजाची, मोबाईलवरच्या आमच्या सगळ्या गटाला कडेवर घेऊन चालणारी होती. ही किडकिडीत होती, काळ्या ब्लाऊजची बाही साखरेने पांढरी झालेली, आणि नखं कुरतडलेली.

“घ्या. आईसाठी,” ती म्हणाली.

“देव तिला क्षमा करो,” मी म्हणालो. म्हणायचं असतं ते म्हणालो.

“तुम्ही ओळखत होता तिला?”

“चेहरा पाहिल्यासारखा वाटतो.”

“वाटणारच. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होती. अर्ध्या गावाने तिच्या हातची डाळ खाल्लीय.” तिने ट्रे दुसऱ्या हातात घेतला. “आणि अर्ध्या गावाने नावं ठेवलीत.”

मी बोयान, असं म्हणायचं होतं. ‘पाणकावळा’ म्हणायचं होतं, कारण ती मला त्याच नावाने ओळखते. आमच्या त्या गटात कुणी खरं नाव लावत नाही, फार तर व्हेसासारखं अर्धं, गावाचं नाव घेत नाही, डॉक्टरचं नाव घेत नाही. गटाचं नाव ‘उशाशी’. आईबापांच्या उशाशी बसलेल्यांचा गट. कुणी दाराआड उभं राहून लिहितं, कुणी न्हाणीघरात नळ सोडून लिहितं, कारण घरात तो शब्द उच्चारायचा नसतो. आमच्याकडे त्याला ‘वाईट आजार’ म्हणतात, तेही दुसऱ्याच्या घरातला असेल तर. आपल्या घरात असेल तर तो अल्सर असतो, सूज असते, गाठ असते पण साधी. आजाऱ्याला सांगायचं नाही, शेजाऱ्याला कळू द्यायचं नाही, मग बोलायचं कुणाशी, तर नाव-गाव नसलेल्या चारशे माणसांशी. त्या चारशेंत माझ्या गावातलीच एक असेल, माझ्यापासून दोन बसच्या अंतरावर, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. मी महिनोन्‌महिने ती समुद्राकाठी राहते असं धरून चाललो होतो. का, ते मला सांगता येणार नाही. बहुधा चांगली माणसं लांबच असतात असं मला वाटत असावं.

आणि ती चांगली होती. हे मला कुणी खोडून दाखवू नये. त्या आजाराच्या पहिल्या सलाईननंतर आईने चमचा फेकला आणि म्हणाली तोंडात गंजका खिळा घातल्यासारखं लागतं, तेव्हा व्हेसाने सांगितलं, लाकडी चमचा दे. दिला. आई जेवली. दुसऱ्या दिवशी आईने फ्रिजमधून दही काढलं आणि बोटं भाजल्यासारखी ओरडली. डॉक्टरांनी सांगायचं राहून गेलं होतं, व्हेसाने सांगितलं, या औषधाला गार सोसत नाही, फ्रिजच्या दांडीला मोजा चढव. माझी सख्खी बहीण स्पेनमध्ये राहते, ती फोनवर विचारते, “आई कशी आहे? बरी आहे ना?” आणि मी उत्तर द्यायच्या आत म्हणते, “बरं झालं.” व्हेसा म्हणायची, “आज किती घोट पाणी?” फरक एवढाच. मी दिवसभर बसकंपनीच्या तक्रारखिडकीवर बसतो. लोक माझ्यावर ओरडतात आणि मी मान डोलावतो, हाच माझा धंदा. माझं ऐकून घेणारं माणूस मला पंचेचाळिसाव्या वर्षी मिळालं, आणि तेही मोबाईलमध्ये.

आमच्या दोघांच्या आयांची ओळख करून द्यायची कल्पना तिची होती. दुसऱ्या सलाईनच्या आधी आई अडून बसली. मी कसं समजावणार? तिला तर अल्सर होता. अल्सरसाठी कुणी एवढं सोसतं का, असं ती विचारायची आणि तिचं बरोबरच होतं. मी गटात लिहिलं. व्हेसाने मला वेगळं लिहिलं, ‘माझी पण अडलीय. दोघी हट्टी आहेत तर एकमेकींवर सोडू. तू तुझीला सांग, माझ्या ओळखीतल्या एकीची आई आहे, तिलाही असाच अल्सर आहे, तुझ्याशिवाय जात नाही म्हणते. मी माझीला तेच सांगते.’ मला ते भारी वाटलं. आमच्या बायका दुखण्याला भीत नाहीत पण मागे हटलेल्या दिसायला भितात. आई ऐकून म्हणाली, “एवढी मोठी बाई आणि घाबरते? जाते म्हणावं मी.” तिकडे कालिनानेही तेच म्हटलं असणार. मग निरोप खरेच सुरू झाले. लोकरीचे मोजे कसे विणायचे, आंबट चेरीच्या पाकात साखर किती, टक्कल पडल्यावर रुमाल मागे बांधायचा की पुढे. आई तिला ‘ती तुझी कालिना’ म्हणायची, मग ‘कालिना’, मग ‘आमची कालिना’. चौथ्या सलाईनच्या वेळी नर्सला सुई लागेना, आई हात पुढे करून म्हणाली, “कर गं अजून एकदा, कालिनाला तर पाचदा टोचलं होतं.” हे कधी, तर महिन्याभरापूर्वी. म्हणजे कालिना गेलेली होती. तिच्या हाताला पाच भोकं पडल्याचं व्हेसाने मला त्याच आठवड्यात लिहिलं होतं. जमिनीतल्या बाईच्या हाताला.

मी गहू चावत उभा होतो. व्हेसा आत गेली पेले भरायला, आणि दुसरी बाई, शेजारीण असावी, माझ्याजवळ सरकली. आमच्याकडच्या शेजारणींना परका माणूस दिसला की मोकळं वाटतं.

“वाईट आजार होता,” ती ओठ न हलवता म्हणाली. “तिला सांगितलंच नाही यांनी. अल्सर म्हणे!”

“कळलं असेल तिला.”

“कळलं असेल की. आम्हाला खालच्या मजल्यावर कळलं, तिला नसेल कळलं? शेवटचं सलाईन नकोच होतं तिला. मला म्हणाली, गं, आता मला गावी नेऊन सोडा, माझ्या जर्दाळूखाली. पोरगी ऐकेना.”

“मग सलाईनला गेली कशी?”

“कुणी एक नेदा होती तिची मैत्रीण. देव जाणे कोण. आम्ही तर कधी पाहिली नाही. ती नेदा जातेय, तिला एकटीला कसं सोडू, असं म्हणत गेली. आणि ती नेदा बघा, आज चाळीसाव्याला फिरकली तरी का?”

मी पेला चुरगळला. पेल्यात अजून गहू होता, तो टाकायचा नसतो, म्हणून तसाच खिशात घातला आणि म्हणालो, “नसेल जमलं.” ती म्हणाली, “न जमायला काय झालं? बस आहे की.” मी मान डोलावली. तक्रारखिडकीवर डोलावतो तशी. मग निघालो. गोळी घ्यायची राहिलीच असती, औषधवाला शेजारीच होता म्हणून आठवली.

बसमध्ये बसून मी गट उघडला. राग शोधत होतो. मला राग येणं गरजेचं होतं, कारण त्याच्या खाली जे होतं त्याच्याकडे बघायचं नव्हतं. मी मागे मागे जात त्या चाळीस दिवसांतलं तिचं सगळं वाचलं. सोमवारी आईला झोप लागली. मंगळवारी आईने खिडकी उघडायला सांगितली. कुणाच्या वडिलांना ताप आला तर तिने पहिलं उत्तर दिलेलं, सकाळीच. कुणी नवी मुलगी रडत आली तर तिला जवळ घेतलेलं. आणि खाली सगळ्यांची फुलं, हृदयं, जोडलेले हात. आमच्या गटाचा एक नियम आहे. ज्याचं माणूस गेलं त्याने एकदाच लिहायचं. सगळे मेणबत्तीचं चित्र टाकतात, शे-दीडशे मेणबत्त्या पेटतात, आणि मग गट चालवणारी बाई त्याला इथून काढते आणि दुसऱ्या गटात घालते. त्या गटाचं नाव ‘नंतर’. नियम चुकीचा नाही. उशाशी बसलेल्याला रोज मेलेल्यांच्या गोष्टी नको असतात. मीही मेणबत्त्या टाकल्यात, बसमध्ये, जेवताना, एकदा तर संडासात बसून, आणि पुढच्या मिनिटाला ते माणूस विसरलोय. व्हेसाला ‘नंतर’मध्ये जायचं नव्हतं. आई गेली ती गेली, वर आम्ही चारशे जणही जाणार होतो. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. पण मला तेव्हा तिची दया आली नाही. मला वाटलं, बाई, तू तुझ्या एकटेपणासाठी माझ्या आईला सुया टोचून घ्यायला लावलंस. आणि लगेच वाटलं, आणि तुझी आई कुणासाठी गेली शेवटच्या सलाईनला? तिथे मी मोबाईल बंद केला.

जूनमध्ये आमचं गाव लिंडनच्या झाडांवरच्या फुलांनी दरवळतं. नदीकाठापर्यंत तोच वास. लोक म्हणतात रूसेला यावं तर जूनमध्ये. आईला त्या वासाने ढवळून येतं, म्हणून आमच्या सगळ्या खिडक्या बंद आणि फटींत ओले टॉवेल. दार उघडलं तर आत दमट, उकडलेल्या बटाट्याचा वास. आई स्वयंपाकघरातल्या दिवाणावर बसली होती, रुमाल पुढे ओढून. तिचे पाय दिवाणावरून खाली पोचत नव्हते. आधी पोचायचे. उंची कशी कमी होते माणसाची, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, गटातसुद्धा.

“केवढा उशीर. गोळी करून आणलीस का तिथे बसून?”

“लांब जावं लागलं.”

“ठेव तिकडे. गोळी नको आणि उद्याचंही नको.”

हे ती प्रत्येक वेळी आदल्या दिवशी म्हणते, आणि मी प्रत्येक वेळी तेच म्हणतो, आई, अर्ध्याहून जास्त झालंय, डॉक्टर म्हणाले फरक आहे. डॉक्टर काय म्हणाले होते ते मला एकट्याला माहीत होतं. ते म्हणाले होते, “घेऊन बघू, तुमची इच्छा असेल तर.” माझी इच्छा. तिची कुणी विचारलीच नव्हती, कारण तिला अल्सर होता. आज मी तेच बोलायला तोंड उघडलं आणि ती म्हणाली, “थांब. आज मी बोलते. तुला वाटतं मी तुझ्यासाठी जाते?”

“मग कुणासाठी?”

“तुझ्यासाठी मी आयुष्यभर पुष्कळ गेले. आता तू घोडा झालास. मी कालिनासाठी जाते. तूच सांगितलंस ना, ती माझ्या बळावर जाते म्हणून? मी घरी बसले आणि ती खचली तर? ते पाप मला नको.” तिने मांडीवरचा हात उलटा करून बघितला, सुयांनी हिरवा-निळा झालेला. “पण आता माझ्याने होत नाही रे, बोयान. खरंच होत नाही. मी तुला कधी असं म्हटलं होतं? मला आता नुसतं पडून राहायचंय. कुणी उठवू नये.”

मी ओट्याकडे तोंड करून गोळीचं पाकीट फाडत होतो. फाटत नव्हतं.

“तिला विचार,” आई म्हणाली. “सरळ विचार. म्हणावं, नेदा थकलीय, थांबू का? ती म्हणाली थांब, तर आपण दोघी थांबू. ती म्हणाली अजून एक, तर जाते मी. पण न विचारता तिला टाकून मागे फिरायचं, हे आपल्याला शोभत नाही.”

“आत्ता?”

“मग काय, उद्या सलाईन लावल्यावर? लिही. माझ्यासमोर लिही.”

मी तिच्या शेजारी बसलो. दिवाण माझ्या बाजूने दबला आणि ती थोडी माझ्याकडे कलंडली, तेवढ्यानेही कलंडली. मी लिहिलं, ‘व्हेसा, आई विचारतेय. ती फार थकलीय. थांबू का, असं तिने तुझ्या आईला विचारलंय. तुझी आई थांब म्हणाली तर ती थांबेल.’ लिहिताना मला वाटत होतं, आता तरी. आता ती लिहील, माझी आई गेली रे पाणकावळ्या, तुझीला निजू दे. आणि मला वाटत होतं, नको, लिहू नकोस. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं, आणि दुसरं जास्त वाटत होतं, हे मी इथे स्पष्ट सांगतो. तिकडे ती लिहायला लागल्याचं दिसलं. मग थांबली. पुन्हा लागली. पुन्हा थांबली. तिच्या घरात आत्ता चाळीसाव्याची माणसं बसलेली असणार, मध्येच टेबलाखाली मोबाईल धरून ती बसली असणार, साखर लागलेल्या बोटांनी.

“काय करतेय एवढा वेळ?” आई म्हणाली.

“आईला विचारत असेल.”

“हं. तिला उठवलं असेल झोपेतून.”

उत्तर आलं. ‘आई म्हणते, एवढ्यात कुठे थकतेस गं? मी पण घेतेय. अजून एक घे, मग बघू.’

आई माझ्या तोंडाकडे बघत होती. चष्मा तिच्या डोळ्यांवर नव्हता, चष्मा हल्ली तिच्या नाकावर बसतच नाही. मी काहीही वाचू शकलो असतो. कालिना म्हणते थांब. कालिना म्हणते तू खूप सोसलंस, आता गावी जा, जर्दाळूखाली पडून राहा. तेच तर ती म्हणाली होती, खरोखरच म्हणाली होती, खालच्या मजल्यावरच्या बाईला. तिचे खरे शब्द या घरात फक्त माझ्याकडे होते आणि ते आईच्या उपयोगाचे होते. एवढं वाचलं असतं तर आई माझ्या खांद्यावर डोकं टेकून निजली असती. मग महिना, दोन महिने, आणि मग आमच्या दारावर कागद. मग मी, या बंद खिडक्या आणि तक्रारखिडकी. चारशे मेणबत्त्या. ‘नंतर’.

“वाच ना रे.”

मी वाचलं. अक्षर न्‌ अक्षर वाचलं, आणि वर कालिनाच्या पद्धतीने माझ्या पदरचं घातलं, “आणि म्हणते, म्हातारे, एवढ्यातच दमलीस?”

आई हसली. किती दिवसांनी हसली. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या. “म्हातारे म्हणते! स्वतः काय नवरी आहे?” मग हसू ओसरलं आणि ती बंद खिडकीकडे बघू लागली. मी हात धरला नाही. मला तो धरायची हिंमत झाली नाही.

“बरं,” ती म्हणाली. “ती जातेय तर मी मागे कशी राहू?” तिने पाय खाली सोडले, जमीन लागेना तेव्हा माझ्या गुडघ्याचा आधार घेऊन उतरली, आणि उभी राहून धाप थांबेपर्यंत माझ्या खांद्याला धरून राहिली.

“तिला लिही,” ती म्हणाली, “मी येतेय म्हणावं.”

मी लिहिलं.